दोघंही नोकरी करतो, घरी पोचायला साडेसात होतात. भुकेल्या आणि नखरेल मुलांसाठी रोज रात्री झटपट काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलं पाच आणि नऊ वर्षांची आहेत, धाकट्याला भाजी नको, मोठीला रोजचा वरण-भात नको आणि दोन वेगळे स्वयंपाक करून तुम्ही दमला आहात. आमच्या घरी रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. बायको माझ्यानंतर तासाभराने पोचते, लोकल रखडली तर त्याहूनही उशिरा. म्हणून हे रोजच्या सवयीतून सांगतोय.

पदार्थांच्या आधी एक. साडेसातला मुलं भुकेने कावलेली असतात. अशा वेळी कुकर व्हायची वाट बघायला लावली की ती बिस्किटांच्या डब्याकडे वळतात आणि मग जेवणात खोड्या काढतात. मी घरात शिरलो की गॅस पेटवण्याआधी काकडी-गाजराच्या फोडी मीठ-लिंबू लावून समोर ठेवतो, थंडीत उकडलेले मटार. ताटातल्या भाजीला नाक मुरडणारी मुलं ही ताटली मुकाट्याने संपवतात, कारण त्या क्षणी दुसरं काही समोर नसतं. भाजी पोटात गेलेली असते, त्यामुळे पुढे जेवताना तिच्यावरून वाद घालायचं कारण उरत नाही.

दोन स्वयंपाकांचं म्हणाल, तर भांडं एकच ठेवा आणि तिखट शेवटी घाला. मुगाच्या डाळीची खिचडी घ्या. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, हळद, हिंग, मीठ, साडेचार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. मुलांना त्यावर तूप आणि मेतकूट. आपल्यासाठी पळीभर तेलात लसूण आणि लाल मिरची तडतडवून वरून ओतायची, सोबत भाजलेला पापड. मुगाची डाळ भिजवावी लागत नाही, म्हणून रात्री तीच बरी. वाफ जिरेपर्यंतच्या दहा मिनिटांत मुलांचे हातपाय धुऊन होतात.

मोठीला वरण-भात नको असेल तर त्याच वरणाच्या चकोल्या करा (विदर्भातले लोक वरणफळं म्हणतील). आमच्याकडचा हा सगळ्यात खपणारा पदार्थ, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सकाळी डब्याच्या पोळ्यांना कणीक मळताना दोन-तीन पोळ्यांचा गोळा जास्त मळून फ्रीजमध्ये ठेवायचा. तूरडाळही सकाळच्याच कुकरला लावून, गार झाली की फ्रीजमध्ये. रात्री मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळदीची फोडणी करून त्यात डाळ घोटून घालायची आणि आमटीला घालतो त्याहून बरंच जास्त पाणी घालायचं, कारण कणीक ते पिऊन टाकते. मीठ, दोन आमसुलं, गुळाचा खडा, चमचाभर गोडा मसाला. खळखळून उकळी आली की पोळी लाटून शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापायचे आणि एकेक करून सोडायचे. सगळे एकदम टाकले तर त्यांचा गोळा होतो. झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदोनदा हलवायचं. वर भरपूर तूप. कापायचं काम नऊ वर्षांच्या मुलीला द्या, हातात कातणं द्या. स्वतः कापलेलं मुलं सहसा टाकत नाहीत. लाल भोपळा किसून वरणात घातला तर शिजून दिसेनासा होतो, पण तो घातलाय हे मी मुलांना सांगतो. लपवलेली भाजी एकदा सापडली की पुढचे कितीतरी दिवस प्रत्येक घास तपासला जातो.

तांदळाच्या पिठाची उकडही विसरू नका. एक वाटी पीठ तीन वाट्या आंबटसर ताकात गुठळ्या न होता कालवायचं, मीठ घालायचं. लसूण आणि कढीपत्त्याची फोडणी करून त्यात ओतायचं, घट्ट होईपर्यंत ढवळायचं आणि झाकण ठेवून वाफ आणायची. वरून कच्चं तेल. मिरची अख्खी घातली की मुलांच्या वाटीतून काढता येते. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. थालीपीठ झटपट म्हणतात ते मला फारसं पटत नाही. भाजणी भिजवायला वेळ लागत नाही, पण चौघांची एकेक करून भाजेपर्यंत पहिला जेवून उठलेला असतो. दोन तवे असतील तर ठीक.

फोडणीचा भात सगळ्यांनाच आवडतो, फक्त शिळा भात रात्रभर किंवा दिवसभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. बाहेर राहिलेल्या भातात ते वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात पसरट डब्यात काढून तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

आता नखरे. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी सांगितलेली वाटणी मला सगळ्यात कामाची वाटते: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. आमच्याकडे याचा अर्थ असा की ताटात एक तरी गोष्ट मुलाला नक्की आवडणारी असते, निदान दही-भात किंवा तूप-पोळी, आणि त्यानंतर वेगळं काही करून मिळत नाही. भेंडीची एकच फोड वाढायची आणि तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. नवीन चव मूल स्वीकारेपर्यंत ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. घरात आजी-आजोबा असतील तर "एवढा घास, माझ्यासाठी" हे थांबवणं सगळ्यात अवघड जातं. वजन वाढत नसेल किंवा मूल मोजून चार-पाचच पदार्थ खात असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

रविवारी तीन-चार तास ओट्यापाशी उभं राहून आठवड्याची तयारी करा, असं मी सांगणार नाही. लसूण सोलून ठेवा, मटकी भिजत घाला, डोशाचं पीठ सरळ विकत आणा. पाच रात्रींचे पाच पदार्थ कागदावर लिहून फ्रीजला लावा. "आज काय करू?" हा प्रश्न साडेसातला पडू नये, एवढ्यासाठीच.

अंडं चालतं की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. चालत असेल तर फारच उशीर झालेल्या दिवशी तव्यावर फेटलेलं अंडं पसरा, त्यावर सकाळची पोळी दाबून बसवा, उलटा आणि गुंडाळून हातात द्या, सोबत टोमॅटोच्या फोडी. चालत नसेल तर अंड्याऐवजी कांदा-कोथिंबीर घातलेलं बेसनाचं पातळ पीठ घ्या, फक्त झाकण ठेवून दोन मिनिटं जास्त भाजा, नाहीतर बेसन कच्चं राहतं.