उंदीर काळा झाला, मग नातवाला वरण-भात चालेल का?

प्रश्न : ताई, माझ्या नातवाला पीकेयू (फेनिलकीटोन्युरिया) हा जन्मजात आजार आहे, जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतलं त्यात निघालं. आता २ वर्षांचा झाला, वरण नाही, दूध नाही, नुसती ती पथ्याची पावडर. परवा फॅमिली ग्रुपवर आलं की उंदरांचा पीकेयू बरा झाला, मग आमचं पथ्य कशाला? आणि बिघाड लिव्हरचा, तर डोक्याला त्रास कसा?
– एक आजी, कोपरखैरणे

उत्तर : आजी, बातमी खरी आहे पण अर्धी. आधी डोक्याचं सांगते. प्रोटीन ज्या बारक्या घटकांचं बनतं त्यांना अमिनो ऍसिड म्हणतात; त्यातल्या फेनिलॅलॅनिनचं टायरोसिन हे दुसरं अमिनो ऍसिड करणारं एन्झाइम लिव्हरमध्ये असतं, ते चालत नाही म्हणून फेनिलॅलॅनिन रक्तात साचत जातं. मेंदूत शिरायचं दार मात्र बऱ्याच अमिनो ऍसिडना मिळून एकच, म्हणजे तुमच्या ठाणे-वाशी लोकलसारखं, एकाच टोळक्याने दार अडवलं की बाकीचे प्लॅटफॉर्मवरच. ट्रिप्टोफॅन, टायरोसिन ही अमिनो ऍसिडं बाहेर राहतात, मग त्यांच्यापासून बनणारी सेरोटोनिन-डोपामिन ही मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं कमी पडतात, नसांवरचं मायलिनचं आवरणही नीट होत नाही.

हे बरंचसं उंदरांमुळे कळलं. आधी औषध देऊन उंदरांमध्ये पीकेयू आणायचे, पण ते औषध सेरोटोनिन बनवणारं एन्झाइमही बंद पाडायचं, मग मेंदूतला घोळ आजाराचा की औषधाचा, कसं ओळखणार? मग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी केमिकलने जीनमध्येच बदल घडवलेले उंदीर शोधले, १९९३ साली ते छापून आलं. गंमत म्हणजे या उंदरांचा काळा रंग फिका पडतो, कारण केसांचा रंगही टायरोसिनपासूनच बनतो. लिव्हरमध्ये चांगला जीन पोचवला तेव्हा रक्तातलं फेनिलॅलॅनिन उतरलं आणि केस परत काळे झाले, तीच तुमची बातमी.

पण मोठा उंदीर आणि वाढतं पोर यात फरक आहे हो. लिव्हर वाढताना पेशींचे भाग होत जातात, बाहेरून टाकलेला जीन बहुतेक त्यांच्याबरोबर वाढत नाही, म्हणजे असर विरत जातो. उंदीर दर वेळी माणसासारखा वागतोच असंही नाही, होमोसिस्टिन्युरिया या अशाच दुसऱ्या जन्मजात आजाराची बरीच माणसं मोठी होतात, त्याच जीनशिवायची उंदराची बहुतेक पिल्लं ५ आठवड्यांतच जातात. आणि उंदीर भूलभुलैयातून वाट काढतो, पाढे थोडेच म्हणतो!

तेव्हा पथ्य सोडू नका, रक्तातली फेनिलॅलॅनिनची लेव्हल लिटरमागे १२० ते ३६० मायक्रोमोलमध्ये ठेवायची असते, किती काय द्यायचं ते त्याचे डॉक्टर आणि डाएटिशियन ठरवतील. आणि हो, डाएट कोल्ड्रिंक, शुगर-फ्री गोळ्या त्याच्या हाती लागू देऊ नका, त्यात साखरेऐवजी घालतात त्या ऍस्पार्टेममध्ये फेनिलॅलॅनिनच असतं, पाकिटावर बारीक अक्षरात असतं ते, चष्मा लावून वाचा.