जाऊ का, असं विचारलंस म्हणून

तू लिहिलंस : शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएचडी, फिनलंडच्या उत्तरेला अतिनील किरणांच्या दीर्घकालीन मोजणीवर दोन वर्षांची नोकरी, जानेवारीपासून रुजू व्हायचं, घरी बायको आणि सात वर्षांचा मुलगा. आणि प्रश्न : "जाऊ का? तिथं राहिलेल्या कुणीतरी खरं सांगा." रात्री वाचलं आणि झोप गेली. वयानं लहान आहेस, त्यातून कोल्हापूरचा, म्हणून अरे-तुरे करते. मी २०१२ साली आले, अशाच दोन वर्षांसाठी. गावाचं नाव सांगत नाही. एवढ्याशा गावात मराठी घर एकच आहे, लगेच कळेल.

परवाना, पगार, कर, घरभाडं हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते वाच. तिथं नसलेलं सांगते : मुलाचा जन्मदाखला आजच काढून बघ. त्यावर नाव आहे का, आणि पासपोर्टवर आहे तेच स्पेलिंग आहे का? माझ्या मुलीच्या नावात 'ज्ञ' आहे. दाखल्यावर तो आपल्या वळणानं, डी-एन-वाय. पासपोर्टचा फॉर्म भरणाऱ्या एजंटनं तो हिंदी वळणानं लिहिला, जी-वाय. परवान्याच्या खिडकीपलीकडच्या बाईंचं म्हणणं, या दोन वेगळ्या मुली आहेत. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, मुंबईचे हेलपाटे, अपॉस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, भाषांतर. आणि भाषांतरकारानं तिसरंच स्पेलिंग केलं! सात महिने गेले त्यात. मी इकडे, नवरा आणि पोर मंगळवार पेठेत. एका अक्षरापायी. त्या बाईंचा चेहरा मला आजही आठवतो, आणि अजूनही कधी आंघोळ करताना मी त्यांना ज्ञ समजावून सांगत असते.

आता काम. बर्फ, अस्वलं, उपग्रह असं काही डोळ्यापुढे आणू नकोस. काम म्हणजे पुसणं. सकाळी यंत्राच्या काचेवरचं हिम पुसायचं, आतल्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग पालटला की ती बदलायची, आणि वहीत लिहायचं : ढग किती, काच किती वाजता पुसली. आणि मग दिवा, यंत्र खरं सांगतंय का ते पारखायला. हजार वॉटचा हॅलोजन दिवा, अंधाऱ्या खोलीत, यंत्रापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर. काचेला बोट लावायचं नाही, कातडीचं तेल तापून डाग पडतो. अंतर एक मिलिमीटर चुकलं की उत्तर ०.४ टक्क्यांनी चुकतं. किती मिनिटं जळला तेही लिहायचं, कारण जळून जळून दिवाही उतरतो. आपण शोधतोय तो बदल दहा वर्षांत दोन-चार टक्क्यांचा. दिवाच तेवढा उतरला, तर आभाळ बदललं की दिवा, हे कसं कळणार? म्हणून एका दिव्याच्या भरवशावर कुणी राहत नाही. तीन ठेवतात, एकमेकांवर साक्षीदार.

माझे वडील विचारायचे, "तिथलं ऊन मोजतीस, इथलं कोण मोजतंय?" बरोबरच होतं त्यांचं. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, अतिनील निर्देशांक ११च्या पुढे जातो. इथं भर उन्हाळ्यात पाच-सहा. हिवाळ्यात तर काहीच नाही, अतिनील मोजणारी बाई ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाते. पण ध्रुवांकडचा वसंत वेगळा. हिवाळाभर गारठलेल्या वरच्या हवेत ढग धरतात, सूर्य परतला की त्यांच्यामुळे मोकळा झालेला क्लोरीन अतिनील अडवणारा ओझोन खातो, आणि खाली सगळा बर्फ. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त अतिनील परत वर फेकतो. टोपी घालून उपयोग नाही, ऊन खालून लागतं. अंटार्क्टिकावरच्या पामर केंद्राचा वसंतातला निर्देशांक कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या उन्हाळ्यालाही मागं टाकून गेला आहे. अमेरिकनांचं अतिनील मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं १९८८च्या सुमारास सुरू झालं म्हणून हे माहीत तरी आहे. आणि ओझोनचं छिद्र १९८५ साली जगाला कळलं ते अंटार्क्टिकावरच्याच हॅली केंद्रावर १९५६पासून कुणी ना कुणी रोजचा आकडा लिहीत बसलं होतं म्हणून. इकडे उत्तर फिनलंडातल्या सोदानक्यूलाला अतिनीलची नोंद १९९०पासून आहे. आर्क्टिकवरचा ओझोन १९८०च्या पातळीला यायला २०४५ उजाडेल, अंटार्क्टिकावर २०६६, असा अंदाज आहे. आणि एवढ्या लांबच्या कामाला माणूस घेतात दोन वर्षांच्या करारावर! हे मला आजतागायत पटलेलं नाही. मुलाखतीत विचार, माझ्यानंतर यंत्र कोण बघणार? समोरचा चाचरला तर समज, तूच. माझ्या दोनाची तेरा वर्षं अशीच झाली.

शाळा. शाळा चांगली असते, फुकट असते, जेवण गरम मिळतं, सगळं खरं. पोर आधी भाषेच्या तयारीच्या वर्गात बसतं. माझी तिथं दोन वर्षं बसली. तीसपर्यंत पाढे येणारी पोर, मणी मोजत होती. पण माझा राग त्यावर नाही. एका बैठकीत तिच्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, घरीही फिनिश बोला, म्हणजे ती लवकर शिकेल. आम्ही ऐकलं. माझं फिनिश तेव्हा दुकानात दूध मागण्यापुरतं. त्या मोडक्या भाषेत मी पोटच्या पोरीला झोपवत होते, रागावत होते. रागावताना चुकले की ती व्याकरण सुधारायची. मुलं पुरेशी असली तर इथं मातृभाषेचे तास मिळतात, पण मराठीची आमची एकटीच. आज ती एकोणीस वर्षांची आहे. मराठी समजतं, बोलताना आधी मनात जुळवते. आजोबांना फोनवर "कसा आहेस" म्हणायची. ते हसायचे, पण दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत काही. बाईंचं चुकलं असं आता म्हणवत नाही, मी का ऐकलं हा प्रश्न आहे. तू ऐकू नकोस. घरात मराठीच बोल, शिव्यासुद्धा.

एकटेपणाचं विचारशील. असतो. सवय होते. बायकोला काम मिळेल का ते आधी बघ, माझ्या नवऱ्याला चार वर्षं मिळालं नव्हतं.

कांदा-लसूण मसाला भरपूर आण. तूप, पेढे आणू नकोस, दुधाचं काही बाहेरून आणू देत नाहीत.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. वडिलांची एक वही होती. दर वर्षी किरणोत्सवाला ते अंबाबाईच्या देवळात जायचे, नोव्हेंबरच्या ९, १०, ११ला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत येत कुठवर पोचली, ते घरी येऊन लिहायचे : "चरणांपर्यंत." "ढग." "मुखापर्यंत, ५ वाजून इतकी मिनिटं." एखादी इमारत आड आली तर तिचंही नाव. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावरून बघितलंय. मोजण्याचं वेड मला विद्यापीठानं लावलं असं मी मुलाखतीत सांगितलं, ते खोटं आहे.

जानेवारी २०२०मध्ये ते आजारी पडले. भाऊ म्हणाला, येऊन जा. फेब्रुवारीचं तिकीट बघितलंही होतं. पण सूर्य परत येत होता, दिव्यांची तुलना करायची होती, आणि त्या वर्षी आर्क्टिकवरची हवा विलक्षण गार होती, ओझोन जाणार हे आम्हाला दिसत होतं. म्हटलं, मार्च उरकून जाते. मार्चमध्ये भारताची विमानं बंद झाली. एप्रिलमध्ये वडील गेले. त्या वसंतात आर्क्टिकवरचा ओझोन विक्रमी खाली आला आणि आमच्या नोंदीत एका दिवसाचाही खंड नाही. लोकांना मी सांगते, विमानं बंद होती. फेब्रुवारीत ती चालू होती.

वही भावानं नंतर पाठवली. शेवटच्या पानावर हात कापलेल्या अक्षरात : "२ फेब्रुवारी २०२०. गेलो नाही." नुसती जागा मोकळी सोडली नव्हती. आमच्याकडेही तसंच करतात, नोंद हुकली तर का हुकली ते लिहायचं. मी त्यांना हे कधी शिकवलं नव्हतं.

जाऊ का, याचं उत्तर मला देता येत नाही, तेरा वर्षांनी देता येईल असं वाटलं होतं. पण तू जानेवारीत निघणार, म्हणजे यंदा ९ नोव्हेंबरला तिथंच असशील. गर्दी असते, दुपारीच जाऊन उभा राहा, मुलालाही ने. किरणं कुठवर पोचली आणि किती वाजता, तेवढं कळव. ढग असले तर ढग म्हणून कळव.