वाचक विचारतात : तबकडीची खरखर लावूनही गाणं जुनं का वाटत नाही?

प्रश्न : डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ हा अल्बम ऐकल्यापासून आम्हा तिघा मित्रांना सत्तरच्या दशकातल्या डिस्कोच्या ढंगाचं मराठी गाणं करायचं वेड लागलंय. लॅपटॉपवर लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) जोडले, प्रत्येक ट्रॅकवर टेपचा प्लगइन (टेपसारखा आवाज आणणारं सॉफ्टवेअर) लावला, तबकडीची खरखरही टाकली. तरी गाणं जुनं वाटत नाही, नुसतं मळकट वाटतं. चुकतंय कुठे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरखर आधी काढून टाका. ती तबकडी झिजल्यावर ऐकणाऱ्याच्या घरी यायची, स्टुडिओतल्या टेपवर ती नव्हतीच. त्या काळातलं चांगलं रेकॉर्डिंग स्वच्छ आणि भरीव असतं.

आता अल्बमकडे बघा. तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो हे डाफ्ट पंकचे दोघे आधी सॅम्पलवर, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्यांवर, गाणी उभी करायचे. मे २०१३मध्ये आलेल्या या अल्बममध्ये मात्र सॅम्पल फक्त शेवटच्या ‘कॉन्टॅक्ट’मध्ये आहे. बाकी जवळजवळ सगळीकडे माणसं वाजवतात : ड्रमवर जॉन ‘जेआर’ रॉबिन्सन आणि ओमर हकीम, बेसवर नेथन ईस्ट, गिटारवर पॉल जॅक्सन ज्युनियर आणि नाइल रॉजर्स. रॉजर्स यांनी ‘शीक’ या डिस्को बँडमधून ही गिटारची शैलीच घडवली, तर रॉबिन्सन मायकल जॅक्सनच्या ‘ऑफ द वॉल’वर वाजले आहेत. जुनेपण आलं ते या हातांमधून. टेपचा नंबर त्यानंतरचा. वादन एकाच वेळी टेपवर आणि संगणकातल्या प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर घेतलं, आणि कुठे कुठलं ठेवायचं ते कानानं ठरवलं.

तुमच्या गाण्यापुरतं सांगायचं तर लय मिनिटाला ११० ते १२० ठोक्यांच्या दरम्यान ठेवा. ‘गेट लकी’ ११६वर आहे. किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) मशीनची असली तरी चालेल, पण हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) किंवा खंजिरी एका माणसानं गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सलग वाजवावी. दोन मात्रांमधलं अंतर दरवेळी केसभर बदलतं आणि अंतऱ्यात हात आपोआप जड पडतो. दोन आवर्तनांचा लूप हे कधीच देणार नाही.

गिटारला सिंगल-कॉइल पिकअप (तारांचा आवाज उचलणारं एकाच वेटोळ्याचं चुंबक) आणि पातळ पिक घ्या. उजवा हात प्रत्येक ठोक्याचे चार भाग पाडत अखंड वरखाली फिरत राहायला हवा. स्वर वाजवायचा की नुसता ‘चिक’ काढायचा, हे डावा हात ठरवतो : बोटं सैल केली की तार मुकी. पूर्ण सहा तारांची कॉर्ड धरू नका, वरच्या तीन तारा पुरतात. मिक्समध्ये गिटारचा १५० हर्ट्झखालचा भाग कापा, ती जागा बेसची आहे. बहुतेक घरगुती डिस्को इथेच बिघडतो. गिटार, कीबोर्ड आणि बेस तिघेही एकाच पट्ट्यात गर्दी करतात आणि मग दोष ड्रमला दिला जातो.

टेपचा प्लगइन वापरायचाच असेल तर आत जाणारी पातळी सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण बरेचसे असे प्लगइन त्याच पातळीला जुन्या टेपयंत्राच्या मापकावरचं शून्य मानून बनवलेले असतात. उणे ६वर सिग्नल ढकलला की ऊब येण्याऐवजी आवाज फाटतो. प्लगइनमधला ‘हिस’ (टेपचा सळसळता आवाज) बंद करा. तो ट्रॅकगणिक साचतो, सोळा ट्रॅकवर लावला तर १२ डेसिबलनं वाढतो. तुमचा मळकटपणा बहुधा हाच आहे. स्वर डोलवणारा ‘वाव’ही प्रत्येक ट्रॅकवर वेगवेगळा लागला की कोरस बेसूर वाटू लागतो.

आणि एकूण ट्रॅक चोवीसच्या आत ठेवा. दोन इंची टेपवर तेवढेच बसायचे, त्यामुळे काय ठेवायचं हे वाजवतानाच ठरवावं लागे.

प्रश्न : मोठा स्टुडिओ परवडत नाही. एकाच खोलीत सगळे बसून रेकॉर्ड केलं तर?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जरूर करा. एमी वाइनहाउसच्या ‘बॅक टू ब्लॅक’ (२००६) या अल्बमसाठी निर्माता मार्क रॉनसननं ब्रुकलिनमधल्या डॅप-किंग्ज या बँडला डॅपटोनच्या छोट्याशा स्टुडिओत टेपवर वाजवायला बसवलं. एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये गळत होता आणि तोच त्या अल्बमचा गोडवा आहे.

ड्रमला दोन माइक पुरे. एक किकसमोर, दुसरा सेटपासून मीटरभर पुढे, खांद्याच्या उंचीवर. स्नेअरवर (काडीनं वाजणाऱ्या कडकडीत ड्रमवर) जुन्या बनियनचा तुकडा टाका, घुमारा लगेच आटोक्यात येतो. गिटारच्या अँपची पाठ ड्रमच्या माइककडे करा. एक माइक आपल्या वाद्यापासून फूटभर असेल तर दुसरा माइक त्या माइकपासून किमान तीन फूट लांब हवा, नाहीतर दोन्ही एकत्र केल्यावर आवाज पोकळ होतो. एक अडचण मात्र राहणार : बेसवाला चुकला की सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं. म्हणून तालमी आधी, रेकॉर्डिंग नंतर.

प्रश्न : डाफ्ट पंकच्या या अल्बमला एवढी बक्षिसं मिळाली, तरी जुने चाहते नाराज का होते? ही जुन्याची नक्कल नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : २०१४च्या ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम धरून पाच पुरस्कार मिळाले, ब्रिटन आणि अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर गेला. नाराजी होती ती नाचणाऱ्यांची. त्यांना आधीच्या अल्बमांतलं धडाडतं यांत्रिक संगीत हवं होतं आणि हाती आले चौऱ्याहत्तर मिनिटांचे मऊ, संथ सूर. ही तक्रार खोटी नाही. मधली काही गाणी खरंच रेंगाळतात.

नक्कल मात्र म्हणता येणार नाही. ‘जॉर्जिओ बाय मोरोडर’ ऐका. डिस्कोत सिंथेसायझर आणणारे संगीतकार जॉर्जिओ मोरोडर त्यात आपली हकिगत बोलतात, सिंथेसायझरच्या तालासाठी टेपवर क्लिक घेतल्याचं सांगतात, आणि त्याच क्षणी गाण्यात ती क्लिक वाजू लागते. त्यांचा आवाज वेगवेगळ्या काळातल्या माइकवर घेतला आहे. पुढे तेच गाणं तंतुवाद्यांत शिरतं आणि शेवटी ड्रम अक्षरशः उसळतात. १९७७मध्ये असं गाणं कुणी केलं नव्हतं.

२०२३मध्ये याच अल्बमची ड्रम काढून टाकलेली आवृत्ती निघाली. गिटार शिकणाऱ्यांनी ती लावून पायानं ठेका धरत साथ करावी. आपली लय कुठे सुटते ते पहिल्याच कडव्यात कळतं.