सिगारेट सोडू पाहणाऱ्या नवख्या माणसासाठी व्हेपिंग फार किचकट आहे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : पुण्याहून इंग्लंडला आल्यावर दिवसाला दहा-बारा सिगारेटींची सवय सोडावी म्हणून आपण व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानात गेलात, तेथे ओहम, वॉट, कॉइल, पीजी-व्हीजी असा शब्दांचा भडिमार झाला आणि आपण रिकाम्या हाताने परत आलात, तेव्हा नवख्या माणसासाठी हा मार्ग फारच किचकट आहे का आणि त्यापेक्षा निकोटीनचा च्युइंग गम बरा का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी लेस्टरमध्ये फार्मासिस्ट आहे आणि धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांना सल्ला देणे हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

किचकट आहे ते दुकान. तिथे एकाच फळीवर दोन वेगळ्या गिऱ्हाइकांचा माल मांडलेला असतो. एक गिऱ्हाईक हौशी असते. त्याला वाफेचे मोठाले ढग सोडायचे असतात, वॉट कमी-जास्त करून पाहायचे असतात आणि तारेची वेटोळी घरी वळण्यातही त्याला गंमत वाटते. दुसरे गिऱ्हाईक आपल्यासारखे, ज्याला सकाळच्या चहाबरोबरची सिगारेट कशी टाळावी एवढेच हवे असते. विक्रेता बहुधा स्वतः हौशी असतो आणि आपल्या आवडीच्या गोष्टी तो उत्साहाने सांगत सुटतो. त्यांतल्या बहुतेक गोष्टींशी आपल्याला कर्तव्य नाही.

यंत्राचा गाभा अगदी साधा आहे. बॅटरी एक बारीक वेटोळी तार (हीच कॉइल) तापवते, त्या तारेभोवतीचा कापूस द्रावाने भिजलेला असतो, द्रावाची वाफ होते आणि ती आपण ओढतो. द्रावात प्रोपिलीन ग्लायकॉल (पीजी), व्हेजिटेबल ग्लिसरीन (व्हीजी), निकोटीन आणि स्वाद एवढेच असते. तंबाखू जळत नसल्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हे सिगारेटमधले दोन मोठे शत्रू येथे नसतात. ही वाफ निरुपद्रवी आहे असे मात्र कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. अनेक दशकांच्या वापराचे परिणाम अजून हाती आलेले नाहीत आणि ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही त्याने याच्या वाटेला जाऊ नये. आपण ओढता, म्हणून आपली तुलना सिगारेटशी करायची.

ब्रिटनमधील २०१६च्या नियमांनी निवडीचा बराच पसारा आधीच आवरून ठेवला आहे. निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही, निकोटीनयुक्त द्रावाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी मिळत नाही आणि यंत्राच्या टाकीत २ मिलिलिटरपेक्षा जास्त द्राव मावत नाही. १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून देण्याच्या व्हेपची विक्री येथे बंद झाली. मुले आणि कचरा या दोन्ही कारणांसाठी ते योग्यच झाले, परंतु वेष्टन फाडले की ओढायला लागा इतकी सोपी वस्तू तीच होती आणि ती गेल्यामुळे आपल्यासारखे प्रश्न माझ्याकडेही वाढले आहेत. तिच्या सर्वांत जवळची आजची वस्तू म्हणजे द्राव आधीच भरलेल्या पॉडचे (पॉड म्हणजे द्राव आणि कॉइल असलेली छोटी कुपी), पुन्हा चार्ज होणारे छोटे यंत्र : पॉड संपला की काढायचा आणि दुसरा बसवायचा, बस्स. मोबाइल चार्ज करणाऱ्याला हे जमते. त्याहून थोडे स्वस्त पडते ते बाटलीतून भरण्याच्या पॉडचे यंत्र. स्वतंत्र कॉइल बदलण्याची टाकी, वॉटचे आकडे दाखवणारा पडदा वगैरे भानगडीत पडण्याचे काहीच कारण नाही.

खरा निर्णय एकच, आणि तो म्हणजे निकोटीनचे प्रमाण. येथेच सर्वाधिक लोक फसतात. सोडायचेच आहे तर कमीत कमी निकोटीन घ्यावे हा विचार वरवर सरळ वाटतो, म्हणून माणूस मिलिलिटरला ३ मिलिग्रॅमची बाटली उचलतो, दिवसभर यंत्र तोंडाला लावून बसतो, तरीही तलफ भागत नाही आणि चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून सिगारेटचे पाकीट घेऊन येतो. मग ‘व्हेपने काही होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. दिवसाला किती सिगारेटी ओढता यापेक्षा सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात ओढता हा प्रश्न मी आधी विचारते, कारण अवलंबित्व किती खोल आहे ते त्यावरून अधिक चांगले कळते. अर्ध्या तासाच्या आत हात पाकिटाकडे जात असेल, तर आकडा दहा-बाराच असला तरी आपण २० मिलिग्रॅमच्या निकोटीन सॉल्टपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. डोके जड झाले किंवा मळमळले तर १० वर यावे. सॉल्ट म्हणजे निकोटीनला आम्लाची जोड दिलेला प्रकार. त्यामुळे एवढे प्रमाण असूनही घशाला तो बोचत नाही. छोट्या पॉडसाठी पीजी आणि व्हीजी निम्मे-निम्मे असलेला द्राव घ्यावा. व्हीजी जास्त असलेला द्राव दाट असतो, तो बारीक कापसात वेळेवर झिरपत नाही आणि मग कोरडा कापूस करपतो. पीजी-व्हीजीबद्दल आपल्याला एवढेच माहीत असले तरी पुरे.

दुसरी अडचण ओढण्याच्या पद्धतीची असून ती दुकानात कोणी सांगत नाही. मध्यंतरी एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात भाच्याने दिलेले विटेएवढे यंत्र होते : दोन बॅटऱ्या, ०.२ ओहमची कॉइल (ओहम हे तारेच्या विद्युतरोधाचे माप; आकडा लहान तेवढी वाफ जास्त) आणि ३ मिलिग्रॅमचा द्राव. पहिल्याच झुरक्याला इतका ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आले, असे ते सांगत होते. ते यंत्र वाफ थेट फुफ्फुसात ओढण्यासाठी बनवलेले असते. सिगारेट ओढणारा माणूस आधी धूर तोंडात घेतो आणि मग आत नेतो. त्यांना तोंडाशी घट्ट ओढ लागणारे, एक ओहमच्या आसपासच्या कॉइलचे छोटे पॉड दिले तर आता दुसरीच तक्रार आली : यंत्र गुरगुरते आणि जिभेवर कडवट थेंब येतात. मी त्यांना समोर एक झुरका घ्यायला सांगितला. गाल आत जाईपर्यंत त्यांनी जोराने आणि झटक्यात ओढले, म्हणजे नेमके सिगारेटसारखे. सिगारेट जोराने ओढली की निखारा फुलतो आणि धूर वाढतो. व्हेपमध्ये जोराने ओढले की वाफ होण्याआधीच द्राव कॉइलवर खेचला जातो आणि तिथे साचतो. तीन-चार सेकंद सावकाश, बासरीत हलकी फुंक घालतो तितक्याच हलक्या ओढीने घ्यायचे, हे त्यांना दोन-तीन वेळा करून दाखवावे लागले. त्यानंतर यंत्राची तक्रार आली नाही.

बाटलीतून भरण्याचे पॉड घेतलेत तर पहिल्यांदा भरताना घाई करू नये. पॉडच्या कडेचे रबरी बूच नखाने उचलायचे, बाटलीचे निमुळते टोक आत घालून हलकेच दाबायचे आणि द्राव वर चढू लागला की खुणेच्या किंचित खाली थांबायचे. मग बूच बसवून पॉड दहा मिनिटे उभा ठेवायचा. या दहा मिनिटांत आतल्या कापसातून एखाददुसरा बुडबुडा वर येताना दिसतो. कापूस भिजत असल्याची ती खूण आहे. या वेळेआधी ओढले तर कोरडा कापूस जळतो आणि तो करपट वास त्या पॉडला कायमचा चिकटतो, मग तो फेकूनच द्यावा लागतो. एरवीही चव करपट लागू लागली किंवा द्राव काळपट दिसू लागला की पॉड बदलावा. साधारणपणे आठवडा-दोन आठवडे तो चालतो, गोड स्वादाचे द्राव वापरल्यास त्याहून कमी. घरात लहान मूल असेल तर बाटली औषधाच्या कपाटात कुलपात ठेवावी, कारण द्रवरूप निकोटीन पोटात जाणे मुलासाठी जिवावरचे असते.

एवढे शिकायला एक संध्याकाळ पुरते, असा माझा अनुभव आहे. नवख्यांना हे जमते याला माझ्या अनुभवाहून भक्कम आधारही आहे. इंग्लंडच्या धूम्रपान-मुक्ती सेवांमध्ये ८८६ लोकांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एका गटाला आवडीचे गम, पट्टी वगैरे निकोटीन-उपचार दिले आणि दुसऱ्या गटाला द्राव भरण्याचे यंत्र व १८ मिलिग्रॅमची एक बाटली देऊन पुढचा द्राव आपापला आणायला सांगितले; म्हणजे दुकानात जाऊन गोंधळून जाण्याची पूर्ण मुभा त्यांना होती. वर्षाअखेर सिगारेटीपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ९.९ टक्के आणि व्हेपच्या गटात १८ टक्के होते. याच चाचणीतल्या आणखी दोन गोष्टी व्हेपचे भक्त सांगत नाहीत, त्या मी सांगते. एक, दोन्ही गटांना निदान चार आठवडे दर आठवड्याला सल्लागाराची प्रत्यक्ष मदत होती. दोन, व्हेपच्या साहाय्याने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते, तर गम-पट्टीवाल्यांपैकी ९ टक्केच ते उपचार वापरत होते. व्हेप सिगारेट लवकर सोडवते, पण स्वतः लवकर सुटत नाही. माझ्या लेखी हा सौदा तरीही पत्करण्याजोगा आहे. आपल्याला तो मान्य नसेल तर अंगावर निकोटीनची पट्टी आणि तलफ आल्यावर गम, अशी जोडी घ्यावी. नुसता गम बहुतेकांना अपुरा पडतो.

व्हेप घेतलेत तर सिगारेट पूर्ण बंद करण्याचा दिवस मात्र ठरवावा. घरात व्हेप आणि ऑफिसबाहेर सिगारेट हा प्रकार महिनोन्‌महिने चालू राहिला तर आरोग्याच्या दृष्टीने हाती फारसे काही लागत नाही. पहिल्या आठवड्यात बेचैनी वाटली तर चहा-कॉफीकडेही पाहावे : तंबाखूच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा जलद करत असते, धूर थांबला की तीच कॉफी अंगात जास्त वेळ राहते, आणि छाती धडधडली की लोक दोष व्हेपला देतात. कॉफी निम्मी करावी. याच कारणाने क्लोझापिन, ओलान्झापिन किंवा थिओफिलिन यांपैकी काही औषध चालू असेल तर सिगारेट थांबवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे, कारण त्यांचीही रक्तातली पातळी वाढते.

खर्चाचे म्हणाल तर १० मिलिलिटरची बाटली सिगारेटच्या पाकिटाच्या मानाने आज फारच स्वस्त आहे. १ ऑक्टोबर २०२६ पासून द्रावावर दर १० मिलिलिटरमागे २.२० पौंड कर ठरलेला आहे. तो झेपतो, पण दिवसाला बाटली रिकामी करणारे ढगवाले यंत्र त्यानंतर चांगलेच महाग पडेल, हेही छोट्या पॉडच्या बाजूचेच कारण आहे. पैसे घालण्याआधी आपल्या भागातील मोफत धूम्रपान-मुक्ती सेवेत नाव नोंदवून पाहावे. अनेक ठिकाणी सुरुवातीचा संच तिथेच दिला जातो, शिवाय दर आठवड्याला नळीत फुंकून श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात, आणि तो आकडा उतरताना पाहिला की माणसाला वेगळाच हुरूप येतो.

सुट्टीत पुण्याला जाल तेव्हाचे आधीच ठरवून ठेवा. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. साठवणूक सोडून बाकीच्या गोष्टींसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वतःपुरते एक यंत्र सामानातून नेले तर काय बिघडते, असे सांगणारे मित्र भेटतील; त्यांचे ऐकू नये, यंत्र व पॉड येथेच ठेवावेत. तेवढ्या आठवड्यांसाठी पट्ट्या येथूनच न्याव्यात आणि जोडीला गम ठेवावा; २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम पुण्यात औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. तो नेहमीच्या गमसारखा सतत चघळायचा नाही. जिभेला झणझणी जाणवेपर्यंत सावकाश चघळायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झणझणी ओसरली की पुन्हा थोडा चघळायचा, असे साधारण अर्धा तास. त्याआधीची पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत कॉफी, फळांचा रस किंवा सोड्याची पेये घेऊ नयेत, कारण आम्लामुळे निकोटीन तोंडात शोषले जात नाही.