साडी, टिकली आणि 'अपसंस्कृती'

उषा उथुप यांच्या कार्यक्रमावर एकदा बंगालमध्ये बंदी आली होती, असं बाबा सांगतात. खरं का? असं काय गायल्या होत्या त्या? (एक वाचक, मिरज)

बाबा बरोबर सांगतात. फक्त बंदी सरसकट नव्हती, सरकारी सभागृहांपुरती होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. राज्य डाव्या आघाडीचं, मुख्यमंत्री ज्योती बसू. त्यांच्या मंत्रिमंडळातल्या जतीन चक्रवर्तींनी ठरवलं की बाईंचं गाणं म्हणजे 'अपसंस्कृती'. झालं, ठरलेला कार्यक्रम बारगळला. चक्रवर्तींकडे खातं कुठलं होतं माहीत आहे? सार्वजनिक बांधकाम! रस्ते-पुलांचं खातं सांभाळणाऱ्या माणसाला सुरांची एवढी काळजी!

गायल्या काय, तर 'हरि ओम हरि' (१९८०), 'रंबा हो' (१९८१), 'कोई यहाँ नाचे नाचे' (१९८२). बप्पी लाहिरींच्या ठेक्यावरची ही गाणी तेव्हा लग्नाच्या मांडवापासून गणपतीच्या मंडपापर्यंत वाजायची. ती थोर गाणी आहेत असं मी म्हणणार नाही, 'रंबा हो' तर मला आजही दुसऱ्या कडव्यानंतर पुरे होतं. पण न आवडणं वेगळं आणि दाराला कुलूप लावणं वेगळं. बाई कोर्टात गेल्या आणि जिंकल्या.

मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. जन्म मुंबईचा, वडील मुंबई पोलिसांत, हिंदी सिनेमाचे स्टुडिओ मुंबईत. चिडून इकडे निघून यायला सगळी कारणं हाताशी होती. त्या कोलकात्यातच राहिल्या. कपाळावरच्या मोठ्या टिकलीत बंगाली 'क' मिरवतात, तो कोलकात्याचाच.

कांजीवरम, गजरा, हातभर बांगड्या... हा सगळा प्रसिद्धीसाठी ठरवलेला वेश आहे का? (एक वाचक, ठाणे)

आज ती ओळख झाली आहे आणि त्या ती हौसेने जपतात. साडीच्या कापडाचे बूट घालून रंगमंचावर येणाऱ्या बाईला दिसण्याचं भान नसेल कसं? पण सुरुवात तशी नव्हती. १९६९मध्ये मद्रासच्या माउंट रोडवर 'नाइन जेम्स' नावाच्या नाइटक्लबमध्ये पहिल्यांदा गायल्या, तेव्हा साध्या अय्यर घरातल्या मुलीसारख्या साडी नेसूनच उभ्या राहिल्या. पुढे कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर 'ट्रिंकाज'मध्येही तेच. नाइटक्लबची गायिका म्हटलं की झगमगीत झगा, ही तेव्हाची अपेक्षा. इथे साडीतली बाई खर्जातल्या आवाजात 'फीव्हर' हे इंग्रजी गाणं म्हणते आहे! बघणाऱ्यांना आधी गोंधळायला होत असणार. गंमत म्हणजे ज्यांना त्या 'अपसंस्कृती' वाटल्या, त्यांना बोट दाखवायला कपड्यांत काहीच सापडलं नसतं.

माझ्या मुलीचा आवाज जाड आहे म्हणून शाळेच्या समूहगीतातून तिला काढलं. क्लास बंद करावा का? (एक आई, नाशिक)

अजिबात नको, ताई. भायखळ्याच्या सेंट अ‍ॅग्नेस शाळेत उषाबाईंनाही गाण्याच्या वर्गाबाहेर काढलं होतं, कारण हेच. पण त्यांच्या बाईंना मुलीत संगीत आहे एवढं कळलं होतं, म्हणून तिच्या हातात वाजवायला ट्रँगल वगैरे दिलं. तुमच्या क्लासच्या बाईंना एवढंच विचारा, मुलगी कोणत्या पट्टीत गाते? सगळ्या मुलींना एकाच पट्टीत कोंबलं की जाड आवाजाची मुलगी वरच्या सुरांना ताणते, घसा बसतो आणि मग 'हिला जमत नाही' असा शिक्का बसतो. दोन-तीन सूर खाली आणून गाऊ द्या, मग बघा. घरी गंगूबाई हनगल लावा. हा आवाज बाईचा आहे हे मुलीला सांगावं लागेल, पण ऐकेल.

'दम मारो दम' उषाबाईंचं ना? आमच्याकडे पैज लागली आहे. (एक वाचक, पणजी)

पैज हरलात. ते आशाबाईंचं. त्याच १९७१च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये 'आय लव्ह यू' हे गाणं मात्र आशाबाई आणि उषाबाई दोघींचं आहे. जुनी तबकडी हाताशी असेल तर 'उथुप' शोधू नका. तिच्यावर 'उषा अय्यर' असं नाव सापडेल.