एलएलएमचं घोडं पेंड खातं ते डिझर्टेशनपाशी

मागच्या अंकात एलएलबी झाल्यावर पुढं काय, यावर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यात निम्म्याहून जास्त एलएलएमचीच, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीचीच, निघाली, म्हणून यावेळी अख्खं पान त्यालाच देतेय. पत्रं बहुतेक कोल्हापूर, गडहिंग्लज, इचलकरंजी, निपाणी भागातली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी गडहिंग्लजला चार वर्षं प्रॅक्टिस करतोय. एलएलएम करायचंय पण त्यासाठी सनद सस्पेंड करावी लागते असं आमचे सीनियर म्हणतात. करस्पॉन्डन्सनं केलं तर चालेल का? आणि एक वर्षाचं बरं की दोन वर्षांचं?

सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, आधी सांगते कारण त्याच भीतीनं बरेच वकील थांबतात. सनद सस्पेंड करावी लागते ती पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली तर, शिकण्यासाठी नाही. वकिली चालू ठेवून रेग्युलर एलएलएम करता येतं. इतकंच काय, वकिलाला रोज तीन तासांपर्यंत लॉ कॉलेजला शिकवायलाही मुभा आहे, १९७९ च्या नियमानं. म्हणजे उद्या एलएलएम झाल्यावर सकाळी लेक्चर आणि नंतर कोर्ट असं जमू शकतं, आणि असं करणारे कितीतरी वकील आपल्या आसपास आहेत. खरी अडचण हजेरीची. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी लागते आणि तुमचा कोर्टाचा बोर्ड तर अकराला सुरू होतो. म्हणून फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जाऊन टाइमटेबल हातात घ्या, "होतंय हो अ‍ॅडजस्ट" असं कुणी तोंडी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. आणि प्रॅक्टिस सोडायचा विचार असेल तर तो काढून टाका, मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली लागते, तुमची ती झालीय, ती कमाई आहे.

करस्पॉन्डन्सनं अजिबात नको. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांत दूरशिक्षणानं आणि ऑनलाइन जे कोर्स चालवायला मनाई आहे त्यात लॉ आहे. सहा महिन्यांत घरबसल्या एलएलएम अशी जाहिरात मोबाइलवर आली तर पुढं सरका. पैसे जातीलच पण त्या कागदावर नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) नाही, पीएचडी नाही, काही नाही.

एक की दोन? यूजीसीनं २०१२ मध्ये एक वर्षाच्या एलएलएमची आखणी केली, २४ क्रेडिटची. त्यात तीन पेपर सगळ्यांना सक्तीचे, रिसर्च मेथडचा, तुलनात्मक पब्लिक लॉचा आणि जागतिकीकरणातल्या न्यायाचा, शिवाय स्पेशलायझेशनचे सहा पेपर आणि डिझर्टेशन, म्हणजे संशोधनाचा प्रबंध. नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांत क्लॅट ही प्रवेश परीक्षा देऊन जे मिळतं ते हेच. २०२१ मध्ये बार कौन्सिलनं हा एक वर्षाचा प्रकार बंद करायचे नियम काढले होते, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि त्या वर्षी तरी लागू करत नाही असं कौन्सिलला सांगावं लागलं, आणि कोर्स चालू राहिला. पण एक वर्षाचं म्हणजे दिवसभर त्यालाच बांधून घेणं. गडहिंग्लजच्या कोर्टात तारखा बघत ते होणार नाही. तुम्ही चार सेमिस्टरचं दोन वर्षांचंच करा, असं माझं स्पष्ट मत.

प्रश्न : माझं एलएलबी हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाचं आहे, राहायला निपाणीत. कोल्हापूरला एलएलएमला अ‍ॅडमिशन मिळेल ना?

मिळेल, निपाणीहून कितीतरी पोरं येतात. फक्त दुसऱ्या विद्यापीठातून येताय म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट आणि इथल्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी, ही दोन कामं पहिल्याच महिन्यात उरका. एलिजिबिलिटी प्रोव्हिजनल राहिली आणि आपण विसरून गेलो तर ते थेट शेवटच्या सेमिस्टरला रिझल्ट अडकल्यावरच कळतं.

प्रश्न : मी थर्ड सेमला आहे, पहिल्या वर्षाचे दोन पेपर राहिलेत, डिझर्टेशनचं अजून काहीच नाही. घरी लहान बाळ आहे. माझं रजिस्ट्रेशन बाद होईल का?

नाही होणार, ताई, आधी निवांत व्हा. कोर्सची जितकी वर्षं त्यावर आणखी दोन, असं यूजीसीनं २०१५ मध्ये ठरवून दिलंय, म्हणजे दोन वर्षांच्या एलएलएमला एकूण चार, आणि फारच अपवादाची परिस्थिती असेल तर विद्यापीठ आणखी एक वर्ष देऊ शकतं. तुमच्याकडं वेळ आहे. राहिलेले पेपर परत देता येतात, जुना अभ्यासक्रम बंद व्हायच्या आत द्या एवढंच, कारण सिलॅबस बदलला की जुन्या पेपरला ठरावीकच संधी मिळतात आणि मग समकक्ष पेपर कुठला यासाठी अर्ज करत फिरावं लागतं.

पण ताई, तुमच्या पत्रातलं "डिझर्टेशनचं अजून काहीच नाही" हे वाचून मला जास्त काळजी वाटली. पेपर काय, महिनाभर बसलं की निघतात. आमच्या बॅचला जे मागं राहिले ते सगळे डिझर्टेशनपायी राहिले, एकही जण पेपरमुळं नाही. बाळ झोपल्यावर रोज एक पान, एवढंच धरा, पण गाईडला या आठवड्यात भेटा आणि विषय कागदावर ठरवून या.

प्रश्न : माझा विषय पंचगंगेचं प्रदूषण आणि कायदा. गाईडनी सॉफ्टवेअरला टाकून बघितलं तर सिमिलॅरिटी (दुसरीकडच्या मजकुराशी साम्य) ३४ टक्के आली. मी कॉपी केलेली नाही, सगळे जजमेंट आहेत. आता डिग्री मिळणार नाही का? (सोबत तिसऱ्या आणि पाचव्या चॅप्टरची काही पानं पाठवतेय.)

पानं पाठवलीस ते फार बरं केलंस, नाहीतर नुसत्या आकड्यावरून काय बोलणार. आधी नियम. यूजीसीचे प्लेजरिझमचे, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण उचलण्याबद्दलचे, नियम २०१८ चे आहेत. १० टक्क्यांपर्यंत काही नाही. १० ते ४० मध्ये सुधारून परत द्यायचं, त्याला जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० असेल तर एक वर्ष परत सबमिटच करता येत नाही, आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. तू ३४ वर आहेस, आणि तेही सबमिशनच्या आधी, म्हणजे तुझ्यावर कुठलाही डाग नाही. गाईडनी आधीच तपासलं याबद्दल त्यांचे आभार मान.

दुसरं म्हणजे मोजताना काय काय वगळायचं हेही त्याच नियमांत लिहिलंय आणि ते फारसं कुणी वाचत नाही. नीट संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, आभार, आणि आपल्या कामाचं म्हणजे कायद्यांचा मजकूर, हे सगळं वगळतात. सर्वसामान्य माहितीचे सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगही धरत नाहीत. तेव्हा आधी गाईडना विचार की रिपोर्ट काढताना ही गाळणी लावली होती का. १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याची कलमंच्या कलमं तू पान २९ पासून दिलीयस, ती गेली की आकडा बराच खाली येईल.

पण सगळा येणार नाही, आणि हे मी तुला मनापासून सांगते. पान ४७ बघ. वेल्लोर सिटिझन्स फोरमच्या १९९६ च्या निकालावर तू जे दीड पान लिहिलंयस त्याच्या दोन्ही बाजूला अवतरणचिन्ह नाही, खाली तळटीप फक्त केसच्या नावाची, आणि त्यातली भाषा कोर्टाची पण नाही, कुठल्यातरी वेबसाइटवरच्या सारांशाची आहे. तुझ्या मनात चोरी नव्हती हे मला पटतं. आपल्याला एलएलबीला नोट्स काढायची तीच सवय लागलेली असते. पण परीक्षकाच्या हातात फक्त पान असतं.

मग काय करायचं, तर ते दीड पान मिटवून टाक आणि निकाल बाजूला ठेवून आपल्या शब्दांत चार वाक्यं लिही. म्हणजे असं : वेल्लोरमध्ये चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न होता, कोर्टानं खबरदारीचं तत्त्व आणि प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई द्यायची हे तत्त्व, ही दोन्ही आपल्या देशाच्या कायद्याचाच भाग आहेत असं म्हटलं. आता हे तत्त्व जयंती नाल्याच्या काठावर आणून बघायचं. नाल्यातून नदीत जाणारं सांडपाणी शहराचं आहे, मग प्रदूषण करणारा कोण, महापालिका की आपण सगळे? आणि इचलकरंजीच्या कापड प्रोसेसर्सना जो हिशेब लागतो तोच नगरपालिकांना लागतो का? हे प्रश्न तुझ्या पाचव्या चॅप्टरमध्ये तूच विचारलेयस, फार चांगले विचारलेयस, ते वाचताना मी दोनदा थांबले. तेच तिसऱ्यात आण. कोर्टाचं एखादं वाक्य जसंच्या तसं लागलंच तर अवतरणात घाल, परिच्छेद क्रमांकासकट. असं केलंस की टक्का आपोआप उतरेल, आणि शिरोळच्या शेतकऱ्यांच्या तू घेतलेल्या मुलाखती जजमेंटच्या गर्दीत दबल्यात त्या वर येतील. खरं डिझर्टेशन तिथंच आहे.

शब्द बदलून देणाऱ्या अ‍ॅपमध्ये मात्र पानं टाकू नकोस. कायद्यात "शल" (करावंच लागेल) आणि "मे" (करता येईल) मध्ये जमीनअस्मानाचा फरक, आणि ते अ‍ॅप एकाच्या जागी दुसरं खुशाल बसवतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं तर काय सांगणार?

प्रश्न : एलएलएमला ५३.८ टक्के पडले. राउंड ऑफ होऊन नेट देता येईल का? मी ओपनमधला आहे.

नाही, भाऊ. ५५ म्हणजे ५५, राउंड ऑफ चालत नाही असं नेटच्या माहितीपत्रकातच स्पष्ट असतं. एससी, एसटी, नॉन क्रीमीलेयर ओबीसी, दिव्यांग यांना ५० आहे, ओपनला नाही. महाराष्ट्राची सेट परीक्षा पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं, तिथंही तेच. आणि २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट किंवा सेट ही किमान अट धरलीय, पीएचडी सक्तीची राहिलेली नाही, त्यामुळं हे सव्वा टक्का फार महाग पडतं, मला समजतं. तुमच्या विद्यापीठात क्लास इम्प्रूव्हमेंटची (गुण वाढवायला पेपर परत देण्याची) सोय आहे का ते परीक्षा विभागात लेखी विचारा, आणि असेल तर मुदत संपायच्या आत फॉर्म भरा. जे अजून शिकतायत त्यांनी हे आत्ताच लक्षात ठेवावं, नुसतं पास होऊन भागत नाही.

प्रश्न : कोल्हापूरशी संबंधित विषय घेतला तर परीक्षकांना तो छोटा वाटतो का? गाईड म्हणतात काहीतरी राष्ट्रीय घे.

गाईडचा मान ठेवून सांगते, मला हे पटत नाही. इथं बसून जे कागद हाताळता येतात, ज्या माणसांशी बोलता येतं, असा विषय दिल्लीतल्या विद्यार्थ्याला मिळणार नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याकडं सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. त्यासाठी वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली हे आपण डोळ्यांनी बघितलंय. हायकोर्ट कुठं बसवायचं हे सांगणारं १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम ५१, त्याचं तिसरं पोटकलम, औरंगाबाद बेंचवरचा सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकाल, हा झाला तुमचा राष्ट्रीय भाग. आणि मग चंदगडच्या एखाद्या पक्षकाराला विचारा, आधी महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर जाऊन मुंबईत एका तारखेला किती खर्च यायचा, किती दिवसांचा रोजगार बुडायचा, आणि आता किती. असे पन्नास पक्षकार नीट प्रश्नावली घेऊन गाठले तर न्याय दारात येणं म्हणजे काय यावर तुमच्याइतकं ठोस कुणी बोलू शकणार नाही.

किंवा शाहू महाराजांच्या संस्थानाचे कायदे घ्या. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागांचा हुकूम सगळ्यांना माहिताय, पण तो हुकूम घटनेतल्या कलम १६ च्या शेजारी ठेवून वाचणारं डिझर्टेशन मी तरी अजून बघितलेलं नाही. कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे, विद्यापीठात बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. मोडी येत नसेल तर शिका, कोर्टात जुन्या दस्तांना पण उपयोगी पडते.

गाईडना पटवायचं असेल तर तोंडी वाद घालू नका, दोन पानांचा सिनॉप्सिस लिहून न्या. प्रश्न काय, हायपोथेसिस काय, कुणाशी बोलणार, कुठले निकाल वाचणार. कागद समोर असला की बोलणं वेगळं होतं.

आणि एक गोष्ट या निमित्तानं सगळ्यांसाठी. सिनॉप्सिसला जो विषय मंजूर होतो, त्यातला शब्द न् शब्द शेवटच्या कव्हरवर तसाच यायला पाहिजे. माझ्या स्वतःच्या वेळी मंजूर विषयात "पश्चिम महाराष्ट्र" होतं आणि मी टाइप करताना "महाराष्ट्र" एवढंच केलं. राजारामपुरीतल्या दुकानातून चार कॉप्या काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या बांधून आणल्या, अजून गोंद ओला होता. खिडकीवरच्या क्लार्कबाईंनी मंजुरीचं पत्र आणि कव्हर शेजारी धरलं, नुसतं बोट ठेवलं आणि परत दिलं. मुदत संध्याकाळी पाचपर्यंतची, घड्याळात साडेबारा. दुकानदारानं जेवण बाजूला ठेवून चारही कव्हरं उकलून परत बांधून दिली म्हणून त्या दिवशी सबमिट झालं. तेव्हा बाइंडिंगला टाकायच्या आधी मंजुरीचं पत्र, कव्हर, गाईडचं सर्टिफिकेट आणि तुमचं डिक्लरेशन, चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि दुसऱ्या कुणालातरी मोठ्यानं वाचायला सांगा.