तनाख (ज्यूंचं हिब्रू बायबल) नेमकं कोणी लिहिलं? यवनेच्या सभेत मतदान करून त्यातली पुस्तकं ठरवली असतील, तर तो ग्रंथ अस्सल कसा मानायचा?

प्रश्नाचे पहिले दोन भाग माहितीचे आहेत, ते कोणीही सांगेल. मी लिहायला बसलो ते शेवटच्या भागातल्या 'अस्सल' या शब्दामुळे. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू आहे, गाव अलिबागकडचं, आणि छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं. ग्रंथ अस्सल आहे का आणि माणसं अस्सल आहेत का, हे दोन्ही प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय.

आधी मतदानाचं सांगतो. यवने या गावी सभा भरली, हात वर झाले आणि २४ पुस्तकांची यादी मंजूर झाली, असं काही घडलेलं नाही. हाइनरिश ग्रेट्झ या ज्यू इतिहासकाराने १८७१ मध्ये तसा तर्क मांडला आणि पुढच्यांनी तो न तपासता उचलला. १९६४ मध्ये जॅक लुईस या अभ्यासकाने मूळ उल्लेख एकेक करून पाहिले, तेव्हा त्याला आधार किती तोकडा आहे ते उघड झालं. मिश्नात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) नियमांच्या जुन्या संग्रहात, आहे ते एवढंच की रोमनांनी इ.स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पाडल्यावर जे विद्वान यवनेला जमले, त्यांच्यात गीतरत्न आणि उपदेशक या दोन पुस्तकांवरून वाद झाला. वाद होता तो ही पुस्तकं 'हात अशुद्ध करतात' की नाही याचा. म्हणजे काय, तर याजकांसाठी काढून ठेवलेलं पवित्र धान्य लोक पवित्र गुंडाळ्यांशेजारी ठेवायचे. धान्याला उंदीर यायचे आणि गुंडाळ्या कुरतडायचे. म्हणून नियम केला की पवित्र ग्रंथाला हात लागला की हात अशुद्ध, म्हणजे धान्य आपोआप लांब ठेवलं जाईल. त्यामुळे 'हात अशुद्ध करतं' याचा अर्थ 'हे पुस्तक पवित्र आहे'. त्या दिवशी या दोन पुस्तकांचा निकाल लागला. बाकीच्यांची यादी कोणी पुढ्यात ठेवली नव्हती, कारण लोक ती पुस्तकं पिढ्यान् पिढ्या वाचतच होते. रब्बी अकिवा तर म्हणाले की सगळे ग्रंथ पवित्र आहेत आणि गीतरत्न पवित्रांतलं पवित्र आहे. एस्तेर या पुस्तकावरचा वाद त्यानंतरही चालू राहिला.

यादी हळूहळू घट्ट होत गेली. तोरा, म्हणजे मोशेच्या नावावरची पाच पुस्तकं, सर्वांत आधी, मग नवीईम म्हणजे संदेष्टे, शेवटी कथुवीम म्हणजे बाकीचे लेख. इसवी सनापूर्वी १३२ च्या सुमारास बेन सिरा या ज्यू पंडिताच्या नातवाने आजोबांच्या पुस्तकाला ग्रीकमध्ये प्रस्तावना लिहिली, त्यात 'नियमशास्त्र, संदेष्टे आणि इतर पुस्तकं' असे तीन भाग येतात. तिसऱ्याला तेव्हा धड नावही नव्हतं. इ.स. ९५ च्या आसपास जोसेफस हा ज्यू इतिहासकार २२ पुस्तकं सांगतो. आम्ही २४ मोजतो, प्रॉटेस्टंट ३९ मोजतात, पण २४ आणि ३९ मध्ये मजकूर तोच आहे, फक्त तुकडे वेगळे पाडलेत. आणि एक विनंती, आमच्या माणसासमोर त्याला 'जुना करार' म्हणू नका. ते ख्रिस्ती लोकांचं नाव आहे, त्यांच्याकडे नवा आहे म्हणून.

आता 'कोणी लिहिलं' याकडे येतो. यासाठी मला १९७१ सालात जावं लागेल.

मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये (घरातली म्हातारी माणसं तिला मशीदच म्हणत) शब्बाथच्या (शनिवारच्या) सकाळी थोरले काका तेबावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, उभे राहून सेफर तोरा (हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी) वाचत होते. वाचता वाचता थांबले. ओळीवर धरायची चांदीची काडी एका शब्दावर अडली होती. जुन्या चामड्यावरची शाई कपचीसारखी उडते, तशी वाव या हिब्रू अक्षराच्या पायाची उडाली होती. वावचा पाय तुटला की उरतं ते योद या दुसऱ्या अक्षरासारखं दिसतं. मग ती वाव म्हणायची की योद? याला तालमूदपासून (मिश्ना आणि तिच्यावरची रब्बींची चर्चा) चालत आलेला नियम आहे. फार हुशारही नाही आणि अगदीच बुद्धूही नाही असं एक मूल बोलवायचं, ज्याला अक्षर ओळखता येतं पण वाक्यावरून अंदाज बांधता येत नाही. ते जे वाचेल ते खरं. काकांनी मला हात धरून वर घेतलं आणि विचारलं, "हे काय आहे रे?"

मी म्हणालो, "योद."

सगळे गप्प झाले. ती सेफर तोरा तिथेच बंद झाली, हेखालातून, म्हणजे गुंडाळ्यांच्या कपाटातून, दुसरी आणली आणि तिच्यावर पुढचं वाचन झालं. तोरामध्ये ३,०४,८०५ अक्षरं आहेत. त्यातल्या एकाचा पाय गेला आणि अख्खी गुंडाळी वाचनातून बाद. मला वाटलं, माझ्या हातून मोठं पाप झालं. जेवणाच्या वेळी मी ताटावर रडत बसलो, तेव्हा काका शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तू दिसलं ते बोललास. दिसलं तेच बोलायचं." माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीत मी या एका वाक्यावर चाललो.

सात वर्षांनी सिम्हाथ तोराला (तोराचं वर्षाचं वाचन पुरं होतं तो सण) याच काकांनी अनुवादाची, म्हणजे तोराच्या पाचव्या पुस्तकाची, शेवटची आठ वचनं वाचली. देवाचा सेवक मोशे मवाब देशात मरण पावला आणि त्याची कबर कुठे आहे हे आजपर्यंत कोणालाही ठाऊक नाही, असं त्यात आहे. वाचन संपल्यावर मी विचारलं, "काका, हे 'आजपर्यंत' कुणाचं? मोशे रब्बेनू (आमचे गुरू मोशे) तर मेलेले." काकांचा चेहरा उतरला. म्हणाले, पाचही पुस्तकं मोशे रब्बेनूंनीच लिहिली, प्रश्न संपला. मी म्हणालो, मला दिसतंय ते मी बोलतोय. त्यांनी मला अंगणात जायला सांगितलं, आणि पुढे दोन वर्षं मला तेबाजवळ उभं केलं नाही.

मला जे दिसलं ते शेकडो वर्षांपूर्वी मोठमोठ्या श्रद्धावान लोकांना दिसलेलं होतं, हे मला त्या वयात कोणी सांगितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. बाराव्या शतकातल्या इब्न एझ्रा या ज्यू भाष्यकाराला 'तेव्हा त्या देशात कनानी लोक होते' हे उत्पत्ती या तोराच्या पहिल्या पुस्तकातलं वाक्य खटकलं. मोशेच्या काळात कनानी तिथे होतेच, मग 'तेव्हा' कशाला? त्याने लिहून ठेवलं की यात एक रहस्य आहे आणि शहाण्याने गप्प बसावं. १६७० मध्ये स्पिनोझा हा तत्त्वज्ञ गप्प बसला नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात वेलहाउझन या जर्मन अभ्यासकाने तोरा चार वेगवेगळ्या धाग्यांतून विणली गेली अशी मांडणी प्रसिद्ध केली. ती नको असेल तर सोडा आणि नुसती पुस्तकं उघडा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस नंतर, दुसऱ्यात माणूस आधी. नोहाला एकदा सांगितलंय, सर्व प्राण्यांची एकेक जोडी घे. पुढच्याच अध्यायात शुद्ध प्राण्यांच्या सात सात. दोन प्रती समोर ठेवून कोणीतरी एक प्रत केली आणि दोन्हींतलं काही टाकून द्यायला त्याचा जीव धजला नाही. माझ्या मेजावर अशी प्रुफं आली असती तर मी एक परिच्छेद कापला असता. त्याने कापला नाही. म्हणूनच मी त्याला मानतो.

गल्याथचंच घ्या. दावीदाने गल्याथला मारलं हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण २ शमुवेल २१ मध्ये गल्याथला मारणारा एलहानान आहे. तनाखमधल्याच 'इतिहास' नावाच्या पुस्तकात तोच प्रसंग येतो, तेव्हा एलहानानने मारला तो गल्याथचा भाऊ होतो. नंतरच्या हाताला चूक दिसली आणि त्याने ती सांधली, हे ओळखायला मुद्रितशोधक असायची गरज नाही. शिवाय आपल्या छापील प्रतींत गल्याथची उंची सहा हात आणि एक वीत आहे. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत आणि तनाखच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ती चार हात आणि एक वीत आहे. कुमरानच्या गुंडाळ्या १९४७ पासून सापडत गेल्या, दोनशेवर तनाखच्या आहेत, आणि त्यांत एस्तेर सोडून जवळजवळ सगळं आहे.

आणि लिहिणं कसं चालायचं हे खुद्द ग्रंथच सांगतो. यिर्मया ३६ वाचा. यिर्मया हा संदेष्टा तोंडाने सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईने लिहितो. गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचली जाते. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीनचार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. असं करत सगळी गुंडाळी जळते. मग बारूख पुन्हा सगळं लिहितो, आणि शेवटी वाक्य येतं की त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर घातली. पहिली प्रत राख झाली, हातात आहे ती वाढवलेली दुसरी. ग्रीकमधला यिर्मया हिब्रूपेक्षा साधारण एक अष्टमांशाने लहान आहे आणि तशा आखूड हिब्रू प्रतीचे तुकडे कुमरानलाही मिळाले. तेव्हा तुमची 'अस्सल' प्रत यांतली कोणती?

ज्यांनी हे सांभाळलं त्यांचं नाव मात्र आदराने घ्या. सातव्या ते दहाव्या शतकात तिबेरियास गावी मासोरा, म्हणजे मजकुराच्या समासातल्या टिपा, लिहिणारे पंडित होते. नुसत्या व्यंजनांच्या मजकुराला स्वरांच्या खुणा त्यांनी दिल्या. मजकुरातला शब्द चुकीचा किंवा वेगळ्या पाठाचा वाटला तरी त्यांनी त्याला हात लावला नाही. लिहिलेलं तसंच ठेवलं आणि वाचायचा शब्द समासात टाकला. मुद्रितशोधनाची यापेक्षा वरची पायरी मला माहीत नाही. इ.स. ९३० च्या सुमाराची, सीरियातल्या आलेप्पोची प्रत त्यांच्याच परंपरेतली. १९४७ च्या दंगलीत तिची हानी झाली, आता २९५ पानं उरलीत. त्याच सुमाराची दुसरी मोठी प्रत सासून कोडेक्स म्हणून ओळखली जाते. १९२९ मध्ये ती विकत घेणारे डेव्हिड सॉलोमन सासून हे मुंबईत जन्मलेले. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेली आणि आता तेल अवीवच्या संग्रहालयात आहे.

आमच्या पूर्वजांकडे तर कोकणात पुस्तकच नव्हतं. ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली नाव दिलं. मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले नसलेला मासा वर्ज्य, बिरड्याचा रोजा (उपास), आणि जन्म, लग्न, मरण या सगळ्याला एकच वचन, 'शेमा यिस्राएल', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक'. अनुवादातलं एक वचन ओठांवर ठेवून त्यांनी शतकं काढली. हिब्रूचं व्याकरण मराठीत आलं ते १८३२ मध्ये, तेही जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याकडून, ज्याला आम्हाला ख्रिस्ती करायचं होतं. आम्ही व्याकरण घेतलं आणि ज्यूच राहिलो. १८४६ मध्ये मुंबईत मराठीसह हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापला गेला. ज्यांच्याकडे ग्रंथाची एकही प्रत नव्हती ते अस्सल ज्यू नव्हते, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते माझ्या तोंडावर येऊन म्हणावं.

आता थोडं सावरून घेतो. चार धाग्यांची मांडणी जशीच्या तशी आज फार थोडे अभ्यासक मानतात, कोणता तुकडा केव्हाचा यावर भांडणं चालू आहेत. सनातनी ज्यूंना यातलं बरंच मान्य नाही आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेत. मी रब्बी नाही. दानीएल, एज्रा, स्तोत्रं यांबद्दल मी काहीच सांगितलं नाही, आणि योशीया राजाच्या काळी, इसवी सनापूर्वी ६२२ मध्ये, मंदिरात सापडलेल्या नियमशास्त्राच्या गुंडाळीबद्दलही. ती गोष्ट २ राजे २२ मध्ये आहे, जरूर वाचा, बहुतेकांच्या मते ती गुंडाळी म्हणजे अनुवादाचाच गाभा.

वाचायचंच असेल तर अनुवादाच्या ३४व्या अध्यायापासून वाचा. आणि घरातल्या मुलाने 'आजपर्यंत' कुणाचं असं विचारलं तर त्याला अंगणात पाठवू नका. तालमूदचा बावा बथ्रा हा भाग काढून पंधरावं पान त्याच्यापुढे ठेवा.

ते पान मला काकांनीच दाखवलं. ऐंशीच्या दशकात ते इस्रायलला गेले, दिमोनाला राहायचे, तिथून मराठीत पत्रं लिहायचे. १९९४ मध्ये एका एरोग्रामवर त्यांनी रब्बी शिमोनचं म्हणणं उतरवून पाठवलं. एक अक्षर कमी असेल तर ती सेफर तोरा होईल का? मग आठ वचनं कमी असलेली तोरा मोशेने लोकांच्या हाती कशी दिली असेल? तेव्हा शेवटची आठ वचनंही देवाने सांगितली आणि मोशेने ती आसवांनी लिहिली. पुरावा म्हणून रब्बी शिमोनने वचन दिलंय ते बारूखचं, यिर्मया सांगत गेला आणि मी शाईने लिहीत गेलो. खाली काकांची एक ओळ होती: "तुझी वाव आठवते ना?"

मी उलट टपाली कळवलं की त्याच पानावर रब्बी शिमोनच्या आधी रब्बी यहूदाचं मत आहे, आणि त्यात ती आठ वचनं मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने लिहिली. काकांचं उत्तर आलं, आधी आहे म्हणून बरोबर असं मुद्रितशोधकाने तरी म्हणू नये. ते मला पटलेलं नाही. मी आजही यहोशवाच्याच बाजूने आहे.